जास्तीची मूठ

असोदा
१५ जून २०२५

प्रेमराज,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीनं अशीच सुरुवात करायची असते म्हणून लिहिले. मनापासून आहेत की नाहीत, ते पत्र संपेपर्यंत मलाच कळेल.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझी बायको शीतल फोन उचलत नाही, आणि डिंपल उचलते ती "आत्या, मी क्लासमध्ये आहे" एवढं म्हणायला. राहिलं पोस्ट. पोस्टमन विचारत होता, "अक्का, धुळ्याचे भाऊ मोबाईल वापरत नाहीत का?" मी म्हटलं, वापरतो ना, बहिणीसाठी नाही वापरत.

आता कामाचं. पावसाआधी घराच्या छताला, धाब्यावर, खारी माती टाकून घेतली. टाकणारे आता मिळत नाहीत, मिळाले ते माती कमी आणि मोबाईल जास्त बघत होते. मधल्या घरात एका कोपऱ्यात गळेल असं वाटतं. गळू दे.

खरं काम वेगळं आहे. परवा आपला चुलतभाऊ ज्ञानेश्वर आला होता. त्याचा रोडवरचा बंगला पूर्ण झाला, तू पाहिला नाहीस. दारात सिमेंटचे दोन सिंह आहेत आणि दोघांचीही तोंडं म्हशीसारखी झालीत. म्हणाला, "अक्का, औंदा कानबाई आमच्या अठी बसवतो. या घरी बसवायची त घरचा मानूस पाहिजे. प्रेमराजभाऊ येत नही. आन तू त..." आणि थांबला. मी म्हटलं, बोल ना, मी तर काय? तो चहा फुंकायला लागला.

आई गेल्यापासून पाच वर्षं तोच आपल्याकडे येऊन पूजेला बसायचा. आता त्याला देवीच उचलून न्यायची आहे. कानबाई गेली की या घरात काय राहील? चार भिंती, माझं शिलाई मशीन आणि मी. मग तुझा तो जळगावचा बिल्डर येईल, आणि भाऊबंद म्हणतील, घर रिकामंच होतं की.

पण यशोदाकाकूनं मोडता घातला. ज्ञानेश्वरची आई असूनही घातला, बघ! म्हणाली, "थांब रे. पयले त्या मुठीचं पाहा. हिची माय धुरपदा होती तवा या घरच्या तीन मुठी राहेत. ती गेली आन दोन झाल्या. तिसरी कुठी गेली? मुठीत खोट ठिवून मायले हालवता येत नही."

तू धुळ्यात राहून विसरला असशील म्हणून आठवण करून देते. श्रावणात कानबाईच्या रोटासाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घालायचे. त्याचे रोट घरच्यांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेरच्याच्या तोंडात तुकडाही जाता कामा नये. आबा गेल्यावर आपल्या घरात पुरुष उरले दोन, तू आणि तुझा नीलेश. मग आई तिसरी मूठ कोणाची घालत होती?

काकू म्हणते, ती मूठ गेली म्हणून घर फुटलं, भाऊबहीण बोलेनासे झाले. मला हसू आलं. रात्री मात्र नाही आलं. तुला माहीत असेल तर कळव. आणि कानबाईला ये. ३ ऑगस्टचा रविवार आहे.

तुझी,
हेमलता


असोदा
३ जुलै २०२५

प्रेमराज,

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र असेल म्हणून कात्रीनं जपून कापलं. निघालं काय, तर घर विकायचं संमतीपत्र, माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली. ना वर नाव, ना खाली नाव. शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवतोस ना तू? कागद जाड आहे, बाहीचा साचा चांगला निघेल.

उताऱ्यावर माझं नाव आहे म्हणून माझी सही लागते, एवढं मला कळतं. सरकारनं मला घरात धरलं. गंमत बघ, सरकारनं धरलं आणि कानबाईनं नाही.

रोटाचं म्हणतेय मी. लग्नाआधी इथे पोटभर खाल्ले. पाचोऱ्याला सून म्हणून एकदाच खाल्ले. मग मी परत आले. का आले ते तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही. परत आल्यावर पहिल्या श्रावणात ताटावर बसले, तर आईनं सगळ्यांना रोट वाढले आणि मला साधी पोळी वाढली. लेक दिल्या घरची, इथले रोट तिला चालत नाहीत. दिल्या घरचे तर मी सोडूनच आले होते! आई पुढच्या ताटाकडे वळली. त्यानंतर दर श्रावणात मी रोटांचं पीठ मळलं, रोट लाटले, भांडी घासली आणि पोळी खाल्ली.

तर ती मूठ. मला वाटतं ती चैत्रामदादाची. आजोबा जीवरामांनी हे घर बांधलं तेव्हा सातपुड्याकडून सागाच्या तुळया आल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साक्रीकडून चैत्राम आला. सालदार म्हणून आला आणि म्हातारा होईपर्यंत गोठ्याच्या खोलीत राहिला. बायको तिथेच आणली, लेक तिथेच झाली. आपल्या दोघांना खांद्यावर घेऊन केळीच्या बागेत न्यायचा. दर उन्हाळ्यात धाब्यावर माती तोच टाकायचा, तेव्हा टिपूस गळत नव्हता. आजोबा म्हणायचे, घरात जेवतो तो घरचा. घराचा समोरचा भाग आबांनी स्लॅबचा केला तोसुद्धा चैत्रामदादाला विचारून.

म्हणजे आईनं त्याला मोजलं. बरोबरच केलं. पण मग वाटतं, साक्रीचा सालदार घरचा, आणि तिच्या पोटची मी कोण? असं मनात येतं आणि माझीच मला लाज वाटते. त्या माणसानं आपल्यासाठी काय केलं नाही? तरी मनात येतंच.

तू काही तरी कळव. फुली नको, अक्षर पाठव.

हेमलता


असोदा
१८ जुलै २०२५

प्रेमराज,

काल दुपारी ब्लाऊजला हुक लावत बसले होते, तर ओट्यावर एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. "अक्का, वळखं का? मी दिवाली. चैत्रामनी पोर."

दिवालीबाई! केस पिकलेत, पण हसते तशीच, सगळे दात दाखवून. नातसुनेला दाखवायला जळगावला आली होती, तिला दवाखान्यात बसवून रिक्षानं इकडे आली. गोठ्याची खोली बघायची म्हणाली. आता तिथे माझे कापडाचे गठ्ठे असतात. तिनं भिंतीला हात लावला, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आठेच मी जनमनू."

मी चहा ठेवला आणि विचारून टाकलं, की तुझ्या बापाच्या नावची मूठ आई घालायची का? तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"नही वो अक्का. मना बापले या घरमा बठ्ठं भेटनं. कपडा भेटनात, दाना भेटनात, मनं लगीन बी तुमना आबानी लाई दिधं. पन रोट नही. रोटना दिन तो वावरमाच राहे, घरमा पाय ठेये नही. सांगे, देवनं देवले, आपलं आपले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. दिवसभर घरात राबणारा माणूस त्या दिवशी शेतात जाऊन बसायचा आणि आपल्याला कधी कळलंही नाही. तुला कळलं होतं का? मी तर त्याच्यावर जळत होते गेला पंधरवडा!

मग ती एकदम हसायला लागली. "तुमना प्रेमभाऊ मातर त्या दिन दोन जनसना रोट खाये! माय त्याले गोठामा बसाडी खावाडे. तो कुरकुर करे, पोट फुटी म्हने. आमले हसू ये."

म्हटलं, बघ, लाडका लेक. मिसरूड फुटलेल्या घोड्याला लपवून लपवून खाऊ घालत होती आई, आणि इथे मी पोळी चावत होते. तुझं पोट तेव्हापासूनचं आहे तर.

दिवालीबाईला साडी नेसवली. जाताना विचारत होती, घर विकतात असं ऐकलं, खरं का? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही मला. ती म्हणाली, "नका इकू. कोठे गयात मंग सांगाले तरी घर पाहिजे."

चैत्रामदादाची मूठ नव्हती. मग कोणाची?

हेमलता


असोदा
२७ जुलै २०२५

प्रेमराज,

डोकं फिरायची वेळ आलीय. तुला लिहू नये असं रोज ठरवते आणि रोज मनात तुझ्याशीच भांडते.

काल यशोदाकाकूला पुन्हा विचारलं. म्हटलं, तोतारामकाकाची मूठ असेल. आबांचा धाकटा भाऊ, रागावून सुरतेला गेला तो परत आला नाही. येईल या आशेनं आई घालत असेल. काकू म्हणाली, "तोताराम मेल्याची चिठ्ठी आली तवा आपून बठ्ठ्यांनी आंघोयी केल्या ना वं. मेल्याची मूठ राहत नही. आन त्याच्या मांगूनबी तुही माय घालेच." मी म्हटलं, मग पोटातच गेलेल्या आपल्या एखाद्या भावाची? ती चिडली. "सांगतलं ना तुले, जित्याची राहते! जित्या पुरुषाची!"

म्हणजे या घरात एक जिवंत पुरुष आहे, जो मला माहीत नाही. आता सांग, मी काय समजू? आबांबद्दल नको नको ते मनात आलं. आबांचं कुठे दुसरं घर होतं का? कोणी पोर होतं का, जे आईनं मुठीत मोजलं आणि आपल्याला सांगितलं नाही? आबा असे नव्हते. पण आई अशी लपवणारी होती का? तीही नव्हती. मग मूठ आली कुठून? काल मी गावातल्या एका भल्या माणसाच्या नाकाकडे बघत बसले, ते आबांसारखं दिसतं का म्हणून. तो बिचारा बायकोचा ब्लाऊज न्यायला आला होता.

काकूला विचारलं, कधीपासून मोजतेस तू ही जास्तीची? म्हणाली, "तू पाचोऱ्याहून आली, त्याच्या आसपास. मले काय साल ध्यानात राहतं?" मी एवढं लक्षात ठेवलं की आबा तेव्हा धडधाकट होते. म्हणजे माझा संशय वाढलाच.

ज्ञानेश्वर घाई करतोय. म्हणतो, "कोनाची का असेना, एक मूठ वाढवून टाकू आन मायले नेऊ." काकू ऐकत नाही. नाव घेतल्याशिवाय मूठ घालत नाहीत म्हणते. शेवटी ठरलं असं की शनिवारी दळणाच्या वेळी घरचा पुरुष हजर असेल तर त्यानं नाव सांगायचं. नसेल तर कानबाई बंगल्यावर, सिंहांच्या ताब्यात.

येऊ नकोस असं लिहिणार होते. तू आलास आणि मांडवात पुन्हा काही बोललास तर मला झेपणार नाही. पण तू आला नाहीस तर मी या घरात कशाच्या बळावर राहू ते मला सांगता येत नाही. हे मी पहिल्यांदा लिहितेय, पाच वर्षं तोंडानं बोलले नाही. मला भीती वाटते रे. मी इथून गेले तर कुठलीच नाही.

ये. नको येऊस. काय करायचं ते तूच ठरव.

हेमलता


असोदा
७ ऑगस्ट २०२५

प्रेमराज,

तू बोललास आणि गेलास. बस सुटली आणि माझं बोलायचं राहिलं, म्हणून हे पत्र. जे झालं ते पुन्हा लिहून बघते, म्हणजे ते झालं याची मला खात्री होईल.

शनिवारी दुपारी तू एकटाच आलास. ओट्यावर चपला काढल्यास, माठातलं पाणी प्यायलास, माझ्याकडे न बघता मधल्या घरात पाटावर जाऊन बसलास. काकू सूप घेऊन बसलेलीच होती. भाऊबंदांच्या मुठी झाल्या. मग तिनं आपल्या घराचं विचारलं. तू म्हणालास, "प्रेमराज." तिनं घातली. "नीलेश." तिनं घातली. मग ती थांबली, आणि सगळे तुझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला वाटलं, आता आबांचं काहीतरी निघणार. पदराचा बोळा करून धरला होता मी.

तू म्हणालास, "तिसरी अक्काची."

ज्ञानेश्वर हसला. "लेकीची मूठ राहत नही भाऊ. पुरुषाची राहते."

तू त्याच्याकडे बघितलंच नाहीस. काकूला म्हणालास, "आई घालायची. अक्का परत आली त्या वर्षापासून. आबांना कळू द्यायचं नव्हतं. तिच्या ताटात रोट वाढले असते तर भाऊबंदांनी तेव्हाच कानबाई उचलून नेली असती. पण घातलेली मूठ घरच्याच पोटात गेली पाहिजे ना? म्हणून मला गोठ्यात बसवून खाऊ घालायची. म्हणायची, हा हेमीचा आहे, खाऊन टाक, कोणाला सांगू नको."

ज्ञानेश्वर पुन्हा काही म्हणणार होता. यशोदाकाकूनं त्याला हातानं गप्प केलं. "म्या मोजेल बराबर होतं! पाच वर्सं झाली, तुम्ही मले म्हनता म्हातारीले मोजता येत नही!" आणि जोरात माझं नाव घेऊन तिनं मूठ घातली, वर पाव. तिला कशाचा आनंद झाला ते बघ. रीत मोडली हे तिच्या ध्यानात आलं की नाही, देव जाणे. आलंही असेल. काकूचं काही सांगता येत नाही.

कानबाई आपल्याच घरात बसली. रविवारी माझ्या ताटात रोट आला. सगळे बघत होते म्हणून घास तोडला. गव्हाची चव होती, दुसरी कुठली असणार! आत काहीतरी होईल म्हणून मी थांबले. काही झालं नाही. मग दुसरा मागितला, मग तिसरा मागितला, आणि तिसऱ्याला मला इतकं रडू आलं की उठून न्हाणीत जावं लागलं. ज्ञानेश्वरची बायको म्हणाली, अक्काला ठसका लागला.

आता माझ्या मनात काय चाललंय ते ऐक. मला आईचा राग येतोय. मोजलंस तर वाढायचं होतंस. वाढायची हिंमत नव्हती तर निदान कानात सांगायचं होतंस. ती शेवटच्या दुखण्यात माझ्या हातून भात खात होती, तेव्हा सांगता आलं असतं. लगेच वाटतं, त्या काळात, आबांसमोर, भाऊबंदांच्या गराड्यात, बिचारीनं चोरून का होईना मला धरलं, आणि तेही पुरुषांच्या मुठीत. मग वाटतं, चोरून धरलेलं माणूस धरलं असं म्हणायचं का? सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. आईच्या फोटोला हार घालते आणि तोंड फिरवते.

आणि तू! आईच्या तेराव्याला, भरल्या मांडवात विचारलंस, "अक्का, तुझा या घराशी संबंध काय?" मी गप्प बसले, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. तुला माहीत होतं! हे विचारलंस तेव्हा तुझ्या पोटात तीस वर्षांचे माझे रोट होते रे. ते तोंडाशी कसे आले नाहीत?

मग शनिवारी का सांगितलंस, तेही मला कळत नाही. न येता, न सांगता सुटला असतास. कानबाई गेली असती, घर मोकळं झालं असतं, तुझा बिल्डर खूश. माझं शेवटचं पत्र वाचून आलास का? की एवढी वर्षं तुलाही ते पचत नव्हतं? विचारायचं होतं, पण सोमवारी विसर्जनाला तू मिरवणुकीत पुढे आणि मी बायकांत मागे. बसच्या दारात पाय ठेवून म्हणालास, "अक्का, त्या सहीचं..." आणि कंडक्टरनं बेल मारली.

तर सहीचं. नाही.

याआधीही नाही म्हणत होते, पण तेव्हा मला जायला दुसरी जागा नव्हती म्हणून. तू उद्या मला धुळ्यात बंगला बांधून दिलास, त्याच्या दारात सिंहाच्या तोंडाचे सिंह बसवलेस, तरी आता सही होणार नाही. आता हे माझं घर आहे म्हणून नाही. तुझं नाही असं मी म्हणत नाही. गोठ्याच्या खोलीतले माझे गठ्ठे मी काढतेय. दिवालीबाईची नातसून बाळंतपणाला जळगावला येणार आहे, त्या दोघी तिथे राहतील. तिच्या बापाला जे दिलं नाही ते मला आता देता येत नाही, पण दार तरी उघडता येतं. भाऊबंदांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

पुढच्या श्रावणात मुठी मी घालणार. काकूला सांगून टाकलंय, तिचे हात आता थरथरतात. तू ये. शीतलला आण, पोरांना आण, माझा नंबर मोकळा कर. आणि नाही आलास तरी तुझ्या नावची मूठ मी भाऊबंदांसमोर मोठ्यानं नाव घेऊन घालीन, आणि तुझा रोट मी खाईन.

तुझी अक्का,
हेमलता